पेलेट ग्रिलवर मशरूमला धुरी : वर्षभर वापरल्यानंतर

पेलेट ग्रिलबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं मांसाबद्दल असतं. ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा तुकडा) किती तास ठेवायचं, रिब्ज म्हणजे बरगड्या कशात गुंडाळायच्या, वगैरे. आमच्या घरात मांस शिजत नाही. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात हा ग्रिल आणला तेव्हा 'तुम्ही यावर करणार काय, पोळ्या?' असं ऐकून घ्यावं लागलं. करते ते मुख्यतः मशरूम. आणि चारही ऋतूंत वापरून झाल्यावर माझं मत असं बनलंय की या यंत्राच्या ज्या गुणाला मांसवाले नावं ठेवतात, तोच मशरूमला मानवतो.

तो गुण म्हणजे बेताचा धूर. आत काय चालतं ते सांगते. एका बाजूच्या डब्यात दाबून केलेल्या लाकडी भुश्श्याच्या कांड्या, म्हणजे पेलेट, भरायच्या. एक विजेवर फिरणारा स्क्रू त्या थोड्या थोड्या करून खालच्या लोखंडी कुंडीत ढकलतो, तिथे एक तापणारी दांडी त्या पेटवते आणि पंखा वारा घालत राहतो. तुम्ही फक्त तापमान लावायचं. कुंडीवर पत्रा, त्यावर तेल-रस झेलणारा ट्रे, त्यावर जाळी. म्हणजे पदार्थाला थेट ज्वाळ लागतच नाही, गरम वारा आणि धूर लागतो. पंख्यामुळे लाकूड नीट जळतं, म्हणून धूर पातळ, निळसर निघतो. ओंडके जाळून स्मोकर, म्हणजे धुरावर शिजवायची भट्टी, चालवणारे लोक म्हणतात, हा कसला धूर, याची चवच लागत नाही. ब्रिस्केटच्या बाबतीत त्यांचं खरंही असेल. पण मशरूमला ना साल ना चरबीचा थर. तो धूर इतका भराभर ओढून घेतो की जाड पांढऱ्या धुरात ठेवलेला मशरूम जिभेला कडू लागतो आणि मागे घशात खवखवतं. इथे 40 ते 50 मिनिटांत काम होतं.

पेलेटवर शिजवायची ही कल्पना ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या ट्रेगर कुटुंबाची, 1980च्या दशकातली. 2006 मध्ये त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि मग बाजारात ढीगभर कंपन्या उतरल्या. माझा ग्रिल त्या ढिगातल्याच एका कंपनीचा, मधल्या किमतीचा आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात चेस्टर काउंटीत राहतो. केनेट स्क्वेअर हे गाव इथून जवळ. अमेरिकेत पिकणाऱ्या मशरूमपैकी साधारण निम्मे या पट्ट्यातून येतात. उन्हाळ्यात त्या बाजूला गाडीच्या काचा खाली केल्या की कंपोस्टचा असा भपकारा येतो की लहान मुलं नाकं दाबतात. पण त्या वासाची भरपाई अशी की ऑइस्टर, शिटाके, मायटाके, लायन्स मेन हे मशरूमचे सगळे प्रकार ताजे मिळतात, प्लॅस्टिकच्या खोक्यात घामेजलेले नाहीत.

माझी पद्धत आता अशी बसली आहे. मशरूम धुवत नाही, ओलसर कापडाने पुसते. हलक्या हाताने तेल चोळते, मीठ नाही. मीठ आधी लावलं की पाणी सुटतं आणि मशरूम जाळीवर निथळत बसतात. ग्रिल पेटताना सुरुवातीची काही मिनिटं पिवळट दाट धूर येतो, तो जाऊ द्यायचा. मग 180 फॅरनहाइटला, म्हणजे 82 सेल्सिअसच्या आसपास, झाकण लावून ठेवायचं. कमी तापमानाला कांड्या धुमसतात आणि धूर जास्त मिळतो. 400च्या वर गेलं की हा ग्रिल म्हणजे मागच्या अंगणातला ओव्हन, धुराचं नाव नको. म्हणून आधी धुरी, नंतर आच. हा क्रम उलटा करून चालत नाही.

ऑइस्टर म्हणजे आपल्याकडची धिंगरी. माझ्या मते या यंत्रावर सगळ्यात चांगला तोच होतो. घोस मोडून मोठे तुकडे ठेवायचे. धुरीनंतर 400ला दहा-बारा मिनिटं दिली की पातळ कडा तांबूस होऊन कुरकुरतात आणि देठाकडचा भाग मऊ, चिवट, रेषारेषांचा राहतो. वरून तिखट, मीठ, लिंबू. ताटात पोहोचेपर्यंत निम्मे संपलेले असतात.

पोर्टोबेलोला वेगळी काळजी लागते. (बटन, क्रेमिनी आणि पोर्टोबेलो ही एकाच जातीची लहान-मोठी भावंडं, हे मला इथे येऊन कळलं.) देठ काढून वाटी वर करून ठेवली की अर्ध्या तासात तिच्यात काळपट तपकिरी रस जमतो. तो जाळीवर सांडू द्यायचा नाही. चमच्याने काढून घेते आणि रश्श्यात घालते. त्या दोन-तीन चमच्यांत जेवढा धूर आणि जेवढी चव असते तेवढी अख्ख्या टोपीत नसते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला, हा रस आणि वरून पोर्टोबेलोच्या जाड फोडी. पाहुणे पहिला घास घेतला की थबकतात.

लायन्स मेनला उगाच डोक्यावर घेतलंय असं मला वाटतं. महाग, आणि स्पंजासारखं पाणी धरून ठेवणारं. धुरीनंतर लोखंडी तव्यावर वजन ठेवून दाबून भाजावंच लागतं, म्हणजे अर्धं काम पुन्हा स्वयंपाकघरात. शिटाके ठीक. मात्र त्यांचे चिवट देठ टाकू नका. धुरी देऊन खडखडीत वाळवायचे आणि मिक्सरमधून काढायचे. ती पूड पिठल्यात चिमूटभर घातली तरी चुलीवरच्या पिठल्याची आठवण होते.

मशरूम जास्त शिजून लगदा होईल ही भीती मात्र सोडून द्या. त्याच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं, ते आचेने विरघळत नाही. वांगं वितळतं, मशरूम आटतो. पंधरा मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी बिघडत नाही.

वांग्यावरून आठवलं. सासूबाई अळंबी तोंडात घालत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी याच ग्रिलवर भरताचं वांगं करून पाहिलं. शिजतं सुरेख, पण साल करपत नाही, कारण ज्वाळ नाही. जो जळका खरपूस वास म्हणजे भरीत, तो येत नाही. दुसराच कुठला तरी सफरचंदाच्या लाकडाचा सभ्य वास येतो. त्यांनी एक घास खाऊन 'बरंय' म्हटलं. आमच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. वांगं आता गॅसवरच भाजते.

लाकडांबद्दल थोडक्यात: सफरचंद आणि चेरी धिंगरीला, हिकरी पोर्टोबेलोला. मेस्किटचा धूर उग्र, मशरूमला नकोच. पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'चेरी' असलं तरी मागचा बारीक मजकूर वाचा. बऱ्याचदा ओक किंवा ऑल्डरमध्ये थोडी चेरी मिसळलेली असते.

आता तक्रारी. कांड्यांचं ओलाव्याशी हाडवैर आहे. डब्यात राहिलेल्या कांड्या दमट हवेत फुगतात, त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि तो स्क्रूमध्ये सिमेंटसारखा बसतो. मग सगळं उपसून काढा. दर वेळी उरलेल्या कांड्या काढून घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवायच्या, दुसरा इलाज नाही. कुंडीतली राख थंड झाल्यावर व्हॅक्युमने ओढून घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी पेट घेत नाही. जानेवारीत वारं सुटलं की तापमान वीस-तीस अंश वर-खाली होतं आणि कांड्या भसाभस संपतात. भर थंडीत कंट्रोलरचा पडदा गेला. भाग फुकट मिळाला, पण यायला कित्येक आठवडे लागले आणि फोनवर दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. शिवाय हे यंत्र विजेवर चालतं. पेटताना सुमारे 300 वॉट, नंतर फारच कमी, पण प्लग हवाच. टाउनहाऊसमध्ये राहत असाल तर तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनचे नियम आधी बघा. लाकडी डेकवर ग्रिलला कित्येक ठिकाणी मनाई असते.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: निव्वळ मशरूमसाठी घ्यावा का? नाही. घरी गॅसचा ग्रिल असेल तर भोकं पाडलेली स्टीलची नळी मिळते, साधारण फूटभर लांब. तिच्यात ह्याच कांड्या भरून एक टोक पेटवायचं आणि गॅस एकाच बाजूला बारीक ठेवायचा. धूर तासन्‌तास येतो आणि खर्च वीसेक डॉलर. मैत्रिणीकडे हा प्रकार खाल्लाय, डोळे मिटून खाल्ला तर मला फरक सांगता आला नसता. माझा ग्रिल मला परवडतो कारण त्यावर पनीर, मक्याची कणसं, टोमॅटो, कधी पिझ्झा असं सतत काही तरी चालू असतं. आणि लावून ठेवून आत जाता येतं, नळीवर लक्ष ठेवावं लागतं.

रानातून वेचलेल्या छत्र्या यावर टाकायचा विचारही करू नका. इथल्या जंगलात पांढरीशुभ्र, दिसायला सोज्वळ आणि जीव घेणारी अमॅनिटा उगवते. तिचं विष शिजवून किंवा धुरीने जात नाही.

उरलेले मशरूम फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहतात, वास उलट दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. आपल्याला लगेच बरणीत तेल ओतून लोणचं घालायची हुक्की येते, ती मात्र आवरा. मशरूममध्ये आंबटपणा नाही, तेलाखाली हवा नाही, आणि बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या, जंतूंना नेमकं तेवढंच हवं असतं. मी लिंबू पिळून, मोहरीची फोडणी घालून वाटीभरच करते आणि फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात पोळीबरोबर ते संपतंच.