सासरच्या आडनावाची मोजदाद: डच आडनाव बँक कशी वाटली

सासऱ्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना घराण्याचं मानचिन्ह भेट दिलं. इंटरनेटवरचं एक दुकान, चौकटीसकट ३९ युरो ९५ सेंट. लाल ढालीवर सोनेरी सिंह, खाली जुन्या वळणाच्या अक्षरांत आडनाव, आणि मागे चिकटवलेल्या कागदावर ‘प्राचीन सरदार घराणं’ वगैरे मजकूर. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून सिंहाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “आमच्याकडे डुकरं होती.”

(इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते. मराठीत लिहिताना मात्र हात अडतो, म्हणून सासरेच म्हणते.)

आडनाव इथे लिहीत नाही. ते इतकं दुर्मीळ आहे की लिहिलं तर कुणीही दहा मिनिटांत आमची बेल वाजवेल. एवढं सांगते, की त्याच्या शेवटी ‘इंक’ येतं, आणि ते नेदरलँड्सच्या पूर्वेकडचं, जर्मन सीमेला खेटून असलेल्या आख्तरहूक भागातलं आहे. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर. बाळाला कुणाचं आडनाव लावायचं यावर घरात रोज चर्चा, आणि सासऱ्यांचं एकच पालुपद, “आमचं नाव संपत चाललंय.” संपत चाललंय म्हणजे नेमकं किती उरलंय, हे मला बघायचं होतं. सिंहाच्या दुकानाने हात दाखवल्यावर मी फुकटातल्या गोष्टीकडे वळले: नेदरलँड्से फामिलीनामेनबांक, म्हणजे डच आडनावांची बँक. हे परीक्षण तिचं.

ही बँक आता हेगमधली सेबेखे (CBG) नावाची वंशेतिहासाची संस्था सांभाळते. मूळ काम अॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटचं. पैसे लागत नाहीत. आडनाव टाकायचं, की त्या नावाचं पान उघडतं: अर्थ किंवा व्युत्पत्ती, नावाचा प्रकार, किती माणसं ते लावतात, आणि ती देशात कुठे राहतात याचा नकाशा. ३ लाखांहून जास्त नावं आहेत. या एवढ्याशा देशात एवढी आडनावं असतील असं मला वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीत तर निम्मे लोक दे योंग आणि यान्सन. दे योंग लावणारे एकटेच ८० हजारांहून जास्त आहेत. पण या याद्या अशाच असतात. वरची थोडी नावं गर्दी खेचतात आणि खाली लाखो नावं चार-दहा माणसांवर तग धरून असतात.

नवीन माणसाची पहिली चूक अशी होते. ‘दे फ्रीस’ (De Vries) हे नाव D मध्ये शोधाल तर हाती काही लागणार नाही, ते V मध्ये. दे, फान, फान देर, ते, तेन हे सगळे पुढचे शेपटे डच माणूस यादी लावताना मोजत नाही. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र मोजतात, त्यामुळे सीमा ओलांडली की तोच माणूस यादीत दुसऱ्या टोकाला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक स्पेलिंग हे वेगळं नाव. मेयर तीन-चार तऱ्हांनी लिहितात आणि तितकीच वेगळी पानं उघडतात. आमच्या नावाचीही तीन रूपं निघाली. एकात एक अक्षर जास्त, एकात शेवटचा क गळलेला. “ते आमचे नव्हेत,” सासरे ठामपणे म्हणाले. पुढे कळलं की होते.

आता मुख्य गोष्ट, आकडे. बँकेत दोन वर्षांचे आकडे आहेत, १९४७ आणि २००७. १९४७चा आकडा युद्धानंतरच्या जनगणनेतून आलाय. त्या जनगणनेच्या कागदांवरून आडनावं हाताने मोजून १९६३ पासून पुढची पंचवीसेक वर्षं प्रांतवार खंड छापत होते. त्या मोजणाऱ्यांची मला फार कीव येते आणि तितकाच हेवाही वाटतो. २००७चा आकडा नगरपालिकांच्या संगणकातल्या रहिवासी नोंदींवरून. म्हणजे मधल्या साठ वर्षांत काय झालं ते दिसतं, नंतरचं दिसत नाही.

आमच्या नावाचे दोन्ही आकडे दोन आकडी, आणि २००७चा लहान. सासऱ्यांनी मान डोलावली, “बघ, म्हटलं होतं ना.” पण मला त्यातला खरा घाटा थोड्या वेळाने कळला. १९४७ साली देशाची लोकसंख्या सुमारे ९६ लाख होती, २००७ मध्ये सुमारे १ कोटी ६४ लाख. म्हणजे एखादं नाव नुसतं जागच्या जागी राहायचं म्हटलं तरी ते १.७ पट व्हायला हवं होतं. आमचं उलट घसरलं. नवरा म्हणाला, त्या आकड्यातली निम्मी माणसं आपल्या लग्नात जेवून गेली असतील. आम्ही बोटांवर मोजायला बसलो आणि त्याचं बरोबर निघालं.

एक बारकावा मला फार आवडला. ज्या नावाची पाचपेक्षा कमी माणसं उरलीत, तिथे बँक नेमका आकडा सांगतच नाही. ‘५ पेक्षा कमी’ एवढंच. नाव इतकं विरळ झालं की आकडा म्हणजे जवळजवळ घराचा पत्ताच, हे तिथल्या लोकांना कळतं. मीही वर नाव लिहिलं नाही ते त्यांच्याकडूनच शिकून.

नकाशावर मात्र जरा सांभाळून राहा. १९४७च्या नकाशात आमचे ठिपके आख्तरहूकमधल्या विंटर्सवाइक आणि आल्टनच्या आसपास घट्ट बसलेत. २००७ला ते उधळलेत. एक ठिपका थेट रॉटरडॅमला. ठिपका गडद दिसला की हेच मूळ गाव असं मन म्हणतं. पण मोठ्या शहरात कुठल्याही नावाची चार माणसं सापडतात, ती कामासाठी गेलेली असतात. मूळ शोधायचं तर जुना नकाशा बघावा आणि त्यातही खेडी.

व्युत्पत्तीचा भाग नावागणिक कमी-जास्त आहे. गाजलेल्या नावांवर परिच्छेदच्या परिच्छेद, आमच्यावर दोन ओळी: शेतवाडीच्या नावावरून आलेलं, अमक्या नावाच्या माणसाच्या लोकांची वाडी. त्या दोन ओळींनी माझा अख्खा महिना खाल्ला.

कारण ‘इंक’ आपल्या ‘कर’सारखं आहे असं मी धरून चालले होते. माझं स्वतःचं आडनाव ‘कर’वालं, त्यामुळे हा हिशेब मला तोंडपाठ. फान गोखचंच घ्या, ज्याला आपण व्हॅन गॉग म्हणतो. सीमेपलीकडे जर्मनीत गोख नावाचं गाव आहे, तिथला तो फान गोख. सरळ गोखकर. (बिचाऱ्या चित्रकाराने १८८८ साली फ्रान्समधून भावाला कळवलं होतं, की यादीत माझं नाव नुसतं व्हिन्सेंट असं छापा, इथे लोकांना आडनाव उच्चारता येत नाही. मी बँकेच्या काउंटरवर स्पेलिंग सांगताना दर वेळी त्याची आठवण काढते.) फ्रीसलंड प्रांतातलं ‘स्त्रा’ही तसंच; डाइकस्त्रा म्हणजे बांधावरचा.

पण आख्तरहूकचं ‘इंक’ याहून चिवट प्रकरण निघालं. तिथे नाव आधी वाडीचं, मग त्या वाडीवर जो राहील त्याचं. एखादा तरुण लग्न करून बायकोच्या वाडीवर राहायला गेला, म्हणजे आपल्या भाषेत घरजावई झाला, की त्याचं जुनं नाव गेलं आणि वाडीचं लागलं. वाडी सोडून दुसरी कसायला घेतली तर पुन्हा नवं. सख्ख्या भावांची नावं वेगळी, आणि रक्ताचा संबंध नसलेल्यांचं नाव एक. हे सगळं थांबलं ते नेपोलियनमुळे. १८१० साली त्याने देश फ्रान्सला जोडला आणि १८ ऑगस्ट १८११च्या फर्मानाने, ज्यांना पक्कं आडनाव नव्हतं त्यांना ते घेऊन नोंदवायला लावलं. तेव्हा जो ज्या वाडीवर होता, तिथेच त्याचं नाव कायमचं गोठलं.

नेपोलियनचा विषय निघालाच आहे तर, इथे कुणीही हमखास सांगतं की डच लोकांनी त्याची टिंगल करायला मुद्दाम हास्यास्पद नावं घेतली. उदाहरण म्हणून नाक्तखेबोरन, शब्दशः ‘नागवा जन्मलेला’. ऐकायला झकास, पण खोटं. हे नाव १८११च्या आधीपासून कागदोपत्री आहे आणि त्याचं मूळ बहुधा जर्मन ‘नाखगेबोरन’मध्ये, म्हणजे बाप वारल्यानंतर जन्मलेलं मूल. डच कानांनी त्याचं नागवं केलं. बँक चाळायला लागल्यावर अशा गप्पा आपोआप गळून पडतात.

तर आमची वाडी. बँकेने दिशा दिली, पुढचं काम वी वास वी या साइटवर केलं. तीही सेबेखेची, नावाचा अर्थ ‘कोण कोण होतं’. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी तिथे सापडतात. जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी खुल्या होतात, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५०. साधा शोध फुकट आहे. १८११च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या आणि शेतसाऱ्याचे कागद बघावे लागतात, त्यासाठी मी आणि सासरे एका गुरुवारी दूतिंखेमच्या आख्तरहूक-लीमर्स अभिलेखागारात गेलो. ते डबा घेऊन आले होते, चीज लावलेले ब्रेडचे चार तुकडे.

तिथे दुपारी तीनच्या सुमाराला सापडलं. सासऱ्यांच्या खापरपणजोबांचे वडील आमच्या वाडीत जन्मलेलेच नव्हते. दोन कोस पलीकडच्या दुसऱ्या कुठल्या ‘इंक’चे. लग्न करून आले, बायकोच्या वाडीवर राहिले, तिचं नाव घेतलं आणि पाच-सहा वर्षांत नेपोलियनचं फर्मान निघालं. ज्या नावाची बापाकडून मुलाकडे आलेली परंपरा म्हणून मला सहा महिने ऐकवली जात होती, ते एका सुनेचं, खरं तर लेकीचं नाव होतं. सासऱ्यांनी ती नोंद तीनदा वाचली. मग डबा उघडला आणि पहिला तुकडा मला दिला. गाडीत बसल्यावर म्हणाले, “म्हणजे मी घरजावयाचा वंशज.” याला डचमध्ये एक शब्द नाही, त्यांनी पूर्ण वाक्य करून सांगितलं, मराठी शब्द मी शिकवला. तो ते आता सगळ्यांना सांगतात.

आणि ते जास्तीच्या अक्षराचे ‘आमचे नव्हेत’वाले? त्याच वाडीवरून उठून गेलेली शाखा, कारकुनाने वेगळं लिहिलं इतकंच. शेवटचा क गळलेले कोण, ते अजून सुटलेलं नाही.

बँक फक्त नेदरलँड्समधली माणसं मोजते, हे लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकात या भागातून ढीगभर लोक अमेरिकेला गेले, विस्कॉन्सिन आणि मिशिगनकडे. २१ नोव्हेंबर १८४७ला मिशिगन सरोवरात शबॉयगनजवळ फीनिक्स नावाची आगबोट जळाली, तिच्यावरचे बहुतेक डच प्रवासी याच विंटर्सवाइक-आल्टन पट्ट्यातले होते. तेव्हा नकाशात नाव विरळ दिसलं म्हणजे जगातून चाललं असं समजू नये.

त्या सिंहाचाही निकाल लावते. मानचिन्ह आडनावाला नसतं, ठराविक कुटुंबाला असतं. एकाच नावाच्या दहा कुटुंबांत एकाला असेल, नऊंना नसेल. इथे सामान्य माणूसही नवीन चिन्ह करून घेऊ शकतो आणि सेबेखे ते नोंदवूनही घेते. पण आडनाव टाकलं की तयार ढाल देणारं दुकान दिसलं तर पैसे खिशात ठेवा. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. चौकट चांगली होती, तिच्यात आता वाडीचा १८३२च्या जमीनमोजणीतला नकाशा आहे.

बँकेला पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो २००७ला थांबल्याबद्दल. डच येत नसेल तरी चालेल, भाषांतराचं बटण वापरा, फक्त ते कधीकधी आडनावाचंही भाषांतर करतं आणि सुतार, बेकर असं दाखवतं.

मुलगी झाली. जन्म तीन दिवसांत नगरपालिकेत नोंदवावा लागतो. १ जानेवारी २०२४ पासून इथे मुलाला आई आणि वडील दोघांची आडनावं लावता येतात, मध्ये आडवी रेघ नाही, क्रम आपला आपण ठरवायचा. काउंटरवरच्या बाईंनी माझं ‘कर’ दोनदा विचारलं, मग नवऱ्याचं ‘इंक’ तीनदा. आधी ‘कर’ लिहिलं, मग ‘इंक’. त्या संध्याकाळी सासरे, मुलगी झाली की इथे खातात ते गुलाबी बडीशेप लावलेलं बिस्किट खात लॅपटॉपपाशी बसले, दोन बोटांनी नातीचं अख्खं आडनाव बँकेत टाकलं आणि मला हाक मारून दाखवलं. सापडलेली नावं: शून्य.