गाइडबरोबर फिरायचं की कानात हेडफोन घालून?

नवीन शहर पायी बघायचं म्हटलं, म्हणजे बागा, जुन्या इमारती, चौकातली शिल्पं वगैरे, तर शेवटी दोनच पर्याय उरतात. एक तर ग्रुपबरोबर वॉकिंग टूर, नाहीतर फोनवर ऑडिओ वॉक लावून आपलं आपण. मी शिकागोत लागोपाठ दोन दिवस दोन्ही केलं, त्यामुळे जे वाटलं ते सांगतो, सगळ्यांना पटेलच असं नाही.

ऑडिओची बाजू खरंच दमदार आहे. मी भल्या सकाळी 'बीन'पाशी गेलो, म्हणजे अनिश कपूरचं क्लाउड गेट हे शिल्प, तिथे चिटपाखरू नव्हतं. ते 168 स्टीलचे पत्रे जोडून केलंय आणि सांधे घासून घासून नाहीसे केलेत असं कानात ऐकलं आणि मग वीस मिनिटं मी सांधा शोधत त्याच्याभोवती फिरत बसलो, नाहीच सापडला. ग्रुपमध्ये हे कोण करू देणार? शिवाय बेंच दिसला की बसा, कंटाळा आला की पॉज करा.

पण मग मी उंच इमारतींच्या भागात शिरलो आणि फोनच्या नकाशावरचा, आपण कुठे आहोत ते दाखवणारा तो निळा ठिपका डोक्यात जायला लागला. तिथे सॅटेलाइटचे सिग्नल काचेच्या भिंतींवर आपटून फोनपर्यंत येतात, त्यामुळे फोनला वाटतं आपण पलीकडच्याच रस्त्यावर आहोत. कानात बाई सांगतायत समोरच्या कमानीवरची नक्षी बघा, आणि माझ्यासमोर एक सपाट पार्किंगची बिल्डिंग, आणि मी वेड्यासारखा तिच्यात नक्षी शोधतोय, पाच मिनिटं! मग कळलं की कमान मागच्या गल्लीत राहिली. तिथून पुढे दिवसभर माझा विश्वासच उडाला, दर पन्नास पावलांवर फोन काढायचा, ठिपका कुठे उडी मारतोय बघायचं, नकाशा फिरवायचा. ज्या इमारतींची अर्धी मजा वरच्या मजल्यांवरच्या कोरीवकामात आहे त्या बघायला एवढ्या लांब आलेला माणूस दिवसभर मान खाली घालून चालला. संध्याकाळी फोटो बघितले तर त्यातल्या दोन इमारती मी बघितल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी टूर. आमच्या गाइड काकू रिटायर्ड, बूट मात्र माझ्यापेक्षा भारी. त्या एका काळपट-लाल दगडी इमारतीसमोर थांबल्या, रूकरी, 1888 ची, बर्नहॅम आणि रूट या आर्किटेक्टची. बाहेरून नुसती जडजड, आदल्या दिवशी मी तिच्यासमोरूनच गेलो होतो, अर्थात ठिपका बघत. काकूंनी सरळ दार ढकललं आणि आत काचेचं छत, पांढरा संगमरवर, त्यावर सोनेरी नक्षी. ही लॉबी आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने 1905 मध्ये नव्याने केली म्हणे. एकटा असतो तर ऑफिसची बिल्डिंग म्हणून मी दाराला हातसुद्धा लावला नसता.

आणि प्रश्न विचारता येतात हो. पिकासोच्या त्या अवाढव्य लोखंडी शिल्पाच्या (1967 चं, त्याला नावच नाही) उतारावरून पोरं घसरगुंडी करत होती, मी विचारलं चालतं का, तर काकू म्हणाल्या खुशाल, तुम्हीही जा. गेलो नाही, पण हात लावून आलो.

ग्रुपचे त्रास आहेतच. फोटोवाल्यांसाठी थांबायचं, बसायचं तर विसराच, आणि डोक्यावरून लोकल धडधडत गेली की मागच्या रांगेतल्यांना काही ऐकू येत नाही. तरी त्यात वैतागण्यासारखं मला फारसं वाटलं नाही, किंवा आदल्या दिवशीचा राग अजून उतरला नव्हता म्हणून असेल.

बागांचं गणित थोडं वेगळं. तिथे एकट्यानेच फिरावं असं मी म्हणेन. पण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वाट चुकलो तेव्हा कामाला आली ती एका गाइडनेच आधी सांगितलेली गोष्ट: दिव्याच्या खांबावर नंबर असतो, सुरुवातीच्या आकड्यांवरून जवळची स्ट्रीट कळते, शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेकडे, विषम असेल तर पश्चिमेकडे. खांब वाचायचा आणि निघायचं, फोन खिशातच.

खर्चाचा प्रश्न असेल तर 'जेन्स वॉक' बघा, टोरांटोत 2007 मध्ये सुरू झालेला प्रकार, आता बऱ्याच शहरांत होतो, तिथलेच रहिवासी फुकट फिरवतात. फक्त तो साधारण मे महिन्याच्या पहिल्या वीकेंडला असतो, तेव्हा तारीख जुळली तरच.

एकच दिवस हातात असेल तर मी सकाळी टूर घेईन आणि दुपारी तोच रस्ता एकट्याने परत चालेन. बुक करताना ग्रुप केवढा आहे ते विचारून घ्या, पंधराच्या वर माणसं असतील तर गाइडच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालायची तयारी ठेवा.