मेडिकेअर पार्ट डी आणि डोक्याचं महागडं औषध : आमचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन

न्यू जर्सीतल्या ज्या मंडळींची पासष्टी आलीये किंवा येतेय त्यांच्यासाठी लिहितेय. मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, आणि पार्ट डी म्हणजे त्यातला औषधांचा भाग. गुडघे, मोतीबिंदू, स्टेंट ह्यावर आपल्याकडे गणपतीच्या महाप्रसादाच्या लाईनमध्येसुद्धा चर्चा होते, कोणाचा सर्जन चांगला, किती बिल आलं, सगळं. पण डोक्याच्या गोळ्यांचं बिल किती येतं हे कोणी कोणाला विचारत नाही, म्हणून ही माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जातच नाही आणि प्रत्येक घर तेच धक्के नव्याने खातं. आमच्या ह्यांना बायपोलर आहे. ह्यांना विचारूनच लिहितेय, "माझं नाव टाकू नकोस, बाकी काय ते लिही" म्हणाले.

औषध कॅरिप्राझिन, इथे व्ह्रायलार नावाने मिळतं, अमेरिकेत अजून जेनेरिक नाही. महिन्याची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास, बरोबर वाचलंत, तीस गोळ्यांचे. लिथियम किंवा ॲरिपिप्राझोल ज्यांना चालतं त्यांनी हा रिव्ह्यू इथेच सोडला तरी चालेल, ती जेनेरिक्स स्वस्त आहेत आणि तुमचं बरं चाललंय.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमुळे 2025 पासून पार्ट डी मध्ये वर्षाला तुमच्या खिशातून किती जाणार ह्याला कॅप बसली, 2025 ला 2,000 डॉलर होती, 2026 ला 2,100. ती भरली की डिसेंबरपर्यंत कव्हर्ड औषधांना शून्य. पूर्वी तो डोनट होल होता (मधला टप्पा, ज्यात प्लॅन कमी द्यायचा) आणि 2023 पर्यंत तर त्याच्या पलीकडे गेल्यावरसुद्धा पाच टक्के वर्षभर भरतच राहायचे, वरची मर्यादाच नव्हती. म्हणजे वर्षाला अठरा हजारांचं औषध आता 2,100 मध्ये पडतं. प्लॅनचा महिन्याचा प्रीमियम वेगळा, तो ह्या 2,100 मध्ये धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता जानेवारी. सगळी गंमत जानेवारीत आहे. डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, 2026 ला जास्तीत जास्त 615, ते आधी पूर्ण तुमचं, मग उरलेल्या किमतीचे साधारण पंचवीस टक्के. दीड हजाराच्या औषधाला हिशोब करा, पहिल्याच रिफिलला आठशे तीसच्या वर जातात, मग फेब्रुवारी मार्च एप्रिल पावणेचारशेच्या आसपास, मे मध्ये थोडे उरलेले आणि मग शून्य. कागदावर 2,100 दिसतात म्हणून आपण महिन्याला पावणेदोनशे असं मनात धरतो, पण तसं आपोआप काही होत नाही. फार्मसीच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे फिरवला तर आकडा बघून हे म्हणाले "राहू दे, मला आता बरंच वाटतंय". ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ह्या वाक्याचा अर्थ सांगायला नको. इतर कुठल्या औषधाचा आकडा मोठा आला तर पेशंट कुरकुर करतो, ह्या औषधाचा आला की पेशंटला औषध बंद करायला कारण मिळतं.

ह्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे, मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन. 2025 पासून प्रत्येक पार्ट डी प्लॅनला हे द्यावंच लागतं. काउंटरवर शून्य भरायचं, औषध घेऊन घरी यायचं, आणि प्लॅन तुम्हाला महिन्याचं बिल पाठवतो, व्याज नाही, फी नाही. जानेवारीपासून असलात तर पहिल्या महिन्याचं बिल 175 च्या वर जात नाही (2,100 भागिले 12), पुढचे आकडे दर महिन्याला बदलतात कारण जे बाकी आहे आणि जे नवीन घेतलं ते उरलेल्या महिन्यांत वाटतात. म्हणून फेब्रुवारीचं बिल जानेवारीपेक्षा कमी आलं तर घाबरून फोन करू नका, ते तसंच असतं. आणि हे नीट ऐका, ह्याने एकूण पैसे कमी होत नाहीत, फक्त वाटले जातात. नाव आपणहून नोंदवावं लागतं, प्लॅनला फोन करून किंवा वेबसाईटवर, आणि डिसेंबरातच करून टाकलेलं उत्तम, कारण सप्टेंबरात सुरू केलंत तर वाटायला महिनेच उरत नाहीत. एकदा घेतलं की पुढच्या वर्षी त्याच प्लॅनमध्ये असाल तर आपोआप चालू राहतं.

एका औषधाचे 600 किंवा जास्त डॉलर तुमच्यावर येत असतील तर फार्मसीने ह्या सोयीची नोटीस द्यायची असा नियमच आहे. आम्हालाही दिली. पिशवीला स्टेपल केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, साईड इफेक्ट्सची बारीक अक्षरातली चार पानं, फ्लूच्या लशीची जाहिरात, आणि मधे कुठेतरी ती नोटीस. दिली म्हणजे दिली! दीड स्टार मी कापलाय त्यातला अर्धा ह्या गठ्ठ्यासाठी.

उरलेला एक स्टार प्रायर ऑथरायझेशनसाठी, म्हणजे औषध द्यायच्या आधी प्लॅनची परवानगी घ्यावी लागते त्यासाठी. कायद्याने अँटीसायकोटिक आणि अँटीडिप्रेसंट ही दोन्ही प्रोटेक्टेड क्लासमध्ये आहेत, असे एकूण सहा क्लास आहेत, म्हणजे प्लॅनला त्यातली जवळपास सगळी औषधं यादीत ठेवावीच लागतात. हे ऐकायला फार छान. पण यादीत असणं वेगळं आणि हातात मिळणं वेगळं. नवीन सुरू करणाऱ्याला प्लॅन म्हणू शकतो की आधी स्वस्तातलं घेऊन बघा, ते नाही चाललं तर हे देऊ. आमच्या प्लॅनने (नाव लिहीत नाही, सगळे थोड्याफार फरकाने असेच) तेच केलं. ह्यांनी क्वेटियापिन घेऊन झालं होतं, वजन आणि शुगर दोन्ही वाढली, लुरासिडोन घेऊन झालं होतं, त्याने अशी बेचैनी की रात्री किचनमध्ये येरझाऱ्या, बसले तर पाय थांबेना. हे सगळं डॉक्टरच्या फाईलमध्ये होतं पण जुन्या डॉक्टरच्या, नव्याच्या नाही, आणि प्लॅनला कागद पाहिजे. तोही फॅक्सने. 2026 मध्ये फॅक्स!

तेव्हा कोणती औषधं घेतली, किती महिने, किती डोस, का बंद केली, ह्याची एक पानी यादी टाईप करून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला द्या. डॉक्टरचं स्टेटमेंट प्लॅनकडे पोचलं की साधी एक्सेप्शन रिक्वेस्ट (अट माफ करा अशी विनंती) असेल तर 72 तासांत आणि अर्जंट असेल तर 24 तासांत उत्तर द्यावं लागतं, "एक्स्पिडायटेड" हा शब्द डॉक्टरच्या ऑफिसने वापरायला पाहिजे, आपण म्हटलं तर ऐकून घेतात फक्त. आणि प्लॅन बदलताना, पेशंट आधीपासून ह्याच औषधावर स्टेबल असेल तर ह्या क्लासमध्ये नव्या प्लॅनला "आधी दुसरं घेऊन बघा" म्हणता येत नाही, हे फोनवरच्या माणसाला ठणकावून सांगा. तोपर्यंत गोळ्या संपत असतील तर नव्या प्लॅनच्या पहिल्या 90 दिवसांत एक महिन्याचा ट्रान्झिशन फिल (तात्पुरता पुरवठा) मिळतो, तो मागून घ्या, ही औषधं एकदम बंद करायची नसतात.

टीव्हीवर जाहिरात येते ना, महिन्याला अगदी थोडेच डॉलर, ते कूपन मेडिकेअरवाल्यांना चालत नाही. सरकारी इन्शुरन्स असला की औषध कंपनीचं कोपे कार्ड (आपला वाटा कमी करणारं कूपन) वापरणं अँटी-किकबॅक कायद्यात बसत नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गुडआरएक्ससारखं डिस्काउंट कार्ड इन्शुरन्सच्या ऐवजी वापरता येतं, सोबत नाही, आणि ते पैसे सहसा 2,100 मध्ये मोजले जात नाहीत. जेनेरिकला कधीकधी परवडतं, व्ह्रायलारला अर्थ नाही. पुण्याहून येणाऱ्या भाच्याबरोबर मागवा असा सल्ला प्रत्येक घरात मिळतो, आम्हालाही मिळाला, पण तेही सरसकट कायदेशीर नाही, कॅपमध्ये धरत नाहीत, आणि भाच्याला सुट्टी नाही मिळाली तर काय करणार?

सायकियाट्रिस्टचं वेगळंच दुखणं. मेडिकेअर न घेणारे डॉक्टर सगळ्यात जास्त ह्याच शाखेत सापडतात. घेणारा मिळाला तर डिडक्टिबलनंतर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरच्या फीचा भाग) 80 टक्के देतं, पूर्वी मानसिक आजाराला निम्मंच द्यायचे, 2014 पासून इतर आजारांसारखं केलं. डॉक्टर मेडिकेअरमधून रीतसर ऑप्ट आउट असेल तर त्याची फी पूर्ण आपली, पण त्याने लिहिलेलं औषध पार्ट डी मध्ये चालतं, त्यामुळे चांगला डॉक्टर हातचा सोडायची गरज नाही.

प्लॅन निवडायला मेडिकेअर डॉट गव्हवर प्लॅन फाईंडर आहे, त्यात औषधाचं नाव, डोस आणि तुमची फार्मसी टाका आणि प्रीमियमकडे न बघता वर्षाचा एकूण खर्च बघा. झिरो प्रीमियमच्या प्लॅनची पोस्टकार्डं ऑक्टोबरमध्ये रद्दीसारखी येतात. ओपन एनरोलमेंट 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर, आणि सप्टेंबरअखेर प्लॅनकडून बदलांची नोटीस येते ती फेकू नका, औषधाचा टिअर (किमतीचा गट) बदलला का, नवीन अट आली का, त्यातच असतं. कंटाळा येत असेल तर शिपचे (मेडिकेअरवाल्यांना मदत करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचे) काउन्सेलर्स काउंटीत फुकट बसून बघून देतात, त्यांना कमिशन नसतं. शिपला पूर्ण पाच स्टार, काउन्सेलर बाईंनी शांतपणे तीन प्लॅन बाजूबाजूला ठेवून दाखवले आणि आमच्या ह्यांच्याशी थेट बोलल्या, माझ्याकडे बघून नाही.

मेडिकेअर आता काही औषधांची किंमत कंपन्यांशी बोलून ठरवतं, व्ह्रायलार त्याच्या दुसऱ्या फेरीच्या औषधांत आहे, 2027 च्या जानेवारीपासून मेडिकेअरची महिन्याची किंमत 770 ठरलीये, म्हणजे पहिल्या महिन्याचा दणका थोडा कमी बसेल.

इन्कम कमी असेल तर वरचं सगळं विसरा आणि आधी एक्स्ट्रा हेल्प (कमी उत्पन्नवाल्यांना पार्ट डी मध्ये मिळणारी सरकारी मदत) बघा, एका औषधाला 2026 ला जेनेरिकला जास्तीत जास्त 5.10 आणि ब्रँडला 12.65. आणि न्यू जर्सीत पाड (PAAD, राज्याची ज्येष्ठांना आणि अपंगांना औषधांसाठी मदत) आहे, जेनेरिकला 5, ब्रँडला 7 डॉलर, इन्कमची मर्यादा बरीच वर आहे, 2025 ला नवराबायकोची मिळून 60,690 च्या आत, म्हणजे नुसत्या सोशल सिक्युरिटीवर असलेली आपली कितीतरी घरं बसतात. आम्ही ह्यांच्या पेन्शनमुळे नाही बसलो. एनजेसेव्ह नावाचा एकच ऑनलाईन अर्ज आहे, त्यातून दोन्हीकडे बघतात, तो भरा.