निळ्या गुलाबाच्या नावाखाली सब्जा विकला, आणि तो घेणारा मी विज्ञानाचा मास्तर

घरी गुलाबाची रोपं करायच्या एका योजनेत माझे किती बुडाले, आधी तो आकडा सांगतो. 50,670 रुपये. नोंदणी 1,100, पहिलं किट 18,500, कराराचा स्टॅम्प 500 (तोही माझ्याच खिशातून), दुसरं किट 24,000, 'दर्जा तपासणी' 4,720 आणि गाडीभाडं 1,850. पेन्शनर माणसाची वही आहे, एक रुपया इकडचा तिकडे नाही.

आणि मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. ही गोष्ट गाळूनच लिहिणार होतो. पण ती गाळली तर लोक म्हणतील, असेल कुणीतरी अडाणी. नाही हो. शाकीय प्रजननाचा, म्हणजे काडीपासून रोप करण्याचा, धडा पाठ असलेला माणूस गुलाबाच्या काड्यांत फसला.

योजना कशी असते ते सांगत बसत नाही, सांगली जिल्ह्याला ते सांगायची गरज नाही. कोंबडीच्या जागी गुलाब घाला, झालं. कंपनी किट देणार, आपण घरी रोपं करायची, 60 दिवसांनी कंपनीच 45 रुपयांना एक रोप परत घेणार. 2019 साली इस्लामपुरात कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेचं प्रकरण फुटलं तेव्हा आमच्या मेव्हण्याचे पैसे त्यात अडकले होते. त्याला जेवायला बसवून मी अर्धा तास झाडलं होतं. "जो चढ्या भावानं माल घेतो म्हणतोय, तो स्वतः का पिकवत नाही, एवढं तरी विचारायचंस!" मेव्हण्याला यातलं अजून काही कळलेलं नाही. कळेल आता.

रविवार, 8 जून 2025. सांगलीच्या विश्रामबागेत एका हॉलमध्ये कंपनीची मीटिंग होती. चहा, पोहे, पडद्यावर पॉलिहाऊसची चित्रं. साठ-सत्तर माणसं, निम्मी माझ्यासारखी निवृत्त, बाकी बचत गटातल्या बायका. करारनामा हातात आला तर त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका. मी पेन काढून त्या दुरुस्त करून दिल्या! तो पोरगा म्हणाला, "सर, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत आम्हाला." मी फुललो. चुका सापडल्या, पण पाचवं कलम डोळ्यांखालून गेलं ते गेलंच. 'तपासणीत उत्तीर्ण झालेल्या रोपांचीच खरेदी केली जाईल.' तपासणी करणार कोण? तेच.

पैसे दिले ते फोनवरून, क्यूआर कोड स्कॅन करून. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाले अकाउंटंट मॅडम आहेत. कंपनीच्या नावाचं खातं नसेल तर तिथूनच चप्पल घालून घरी या, पोहे खाल्ले असले तरी.

किट 11 जूनला आलं. ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), हिरव्या जाळीचा तुकडा, मुळं फुटायची पावडर, 500 काड्या आणि बियांची दहा पाकिटं. निळा गुलाब, काळा गुलाब, इंद्रधनुषी गुलाब. आता हसा. आठवीच्या वर्गात दरवर्षी पांढरं फूल शाईच्या पाण्यात ठेवून पाकळ्यांत रंग चढलेला मी दाखवायचो. इंद्रधनुषी गुलाब म्हणजे तेच, देठ उभा चिरून वेगवेगळ्या रंगांच्या पाण्यात ठेवायचा. त्याची बी कुठून येणार? निळ्याचंही तसंच. गुलाबात डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक घालून वर्षानुवर्षं खटपट केली, 2009 मध्ये तो गुलाब बाजारात आणला, तोही जांभळटच. हे मला माहीत होतं. माहीत असून मनाला म्हटलं, विज्ञान पुढे गेलं असेल, आपण निवृत्त झालो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

खरा क्षण त्यानंतर दोन दिवसांनी आला आणि तो मी माझ्या हातानं घालवला. पुस्तिकेत लिहिलं होतं, बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. भिजवल्या. सकाळी बघतो तर वाटीत बुळबुळीत फुगलेले काळे ठिपके. हिनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा सब्जा आहे. फालुद्यातला." एवढंच. बारावीनंतर शास्त्र न शिकलेल्या बाईनं एका नजरेत सांगितलं. आणि मी काय केलं? कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, "सर, निळ्याच्या बियांना जेल कोटिंग असतं." मी फोन ठेवून हिला जेल कोटिंग समजावून सांगितलं. शास्त्रीय परिभाषेत. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला गेली. ते तिचं न बोलणं मला 50,670 पेक्षा जास्त बोचतं.

गुलाबाची बी बघितलीय का कधी? फूल झाडावरच वाळू दिलं तर मागे बोराएवढं फळ धरतं, पिकलं की नारिंगी-लाल होतं. आत केसाळ गर आणि फिकट, वेड्यावाकड्या कोनांच्या टणक बिया. त्या ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये दीड ते तीन महिने ठेवायच्या, तेव्हा कुठे थोड्या रुजतात. आणि संकरित गुलाबाच्या बीपासून आईसारखं फूल येईलच असं नाही, बहुतेक वेळा येत नाही. म्हणून तर नर्सरीवाले बीच्या नादी न लागता जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या जातीचा डोळा, म्हणजे फुटवा येणारी कळी, भरतात. 'सात दिवसांत अंकुर' म्हणणारा माणूस एकतर सब्जा विकतोय किंवा राजगिरा.

तर मग दुसऱ्या किटाचे 24,000 का भरले? विचाराल, मुलानंही विचारलं. माझी बाजू ऐका. काड्यांना पालवी फुटली होती! 24 जूनपर्यंत 500 पैकी 412 काड्यांवर लालसर कोवळी पानं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन मोजत होतो. पाऊस लागलेला, हवा दमट, सगळं हिरवं. कुणाचंही मन भुललं असतं. 27 जूनला पैसे पाठवले, आणखी 700 काड्या आल्या.

ही पालवी म्हणजे जगणं नव्हे. काडीत साठलेल्या अन्नावर पान फुटतं, खाली मुळाचा पत्ता नसतो. साठा संपला की काडी बुडापासून काळी पडते. हेही मी शिकवलेलं आहे, चला. जुलैच्या मध्यावर काळेपणा वर चढायला लागला. उपटून बघितल्या तर मूळ सोडा, कापलेल्या जागी पांढरी गाठसुद्धा धरलेली नाही. तेव्हा प्रथम काड्यांकडे नीट बघितलं. खालच्या बाजूचे काटे सोललेले. कुणी सोलतं काटे? हारवाले, बुकेवाले. दोन काड्यांवर रबरबँडचा वळ होता. म्हणजे लग्नाच्या हॉलमधल्या सजावटीचे देठ, कुठे कुठे किती दिवस पाण्यात उभे राहून दमलेले, ते कापून मला साडेअठरा हजारांत. पहिल्याच दिवशी हात फिरवला असता तर बोटाला काटा लागला नाही हे कळलं असतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्याकडे तर बाराशे होत्या. म्हणून 4 ऑगस्टला तपासणीचे 4,720 पण भरले. चार हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, असा हिशोब सांगितल्यामुळे खरं वाटलं. पावती दिली नाही, जीएसटी नंबर मागितला नाही मी. मेलेल्या काड्या तपासणीनंतर फुकट बदलून मिळणार होत्या ना! गाडी 10 ऑगस्टला येणार होती. 12 तारखेपासून कंपनीच्या तिघांचेही फोन बंद. शंभर फुटी रस्त्यावरच्या 'ऑफिसात' गेलो तर गाळा रिकामा, मालक म्हणाला माझंच दोन महिन्यांचं भाडं राहिलंय.

आता सरकारी पाहुणचार. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पहिला पैसा जाऊन 72 दिवस झाले होते. पलीकडची मुलगी सभ्य होती, पण म्हणाली लगेच कळवलं असतं तर समोरचं खातं गोठवता आलं असतं. म्हणून सांगतो, शंका आली की त्याच तासाला 1930 लावा, लाज नंतर वाटून घ्या. बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना काका?" हो, मीच टाकलाय. "मग?" हा 'मग' ऐकायला पाऊण तास रांगेत होतो.

पोलीस ठाण्यात चार खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, करारनामा आहे म्हणजे बाब दिवाणी आहे, कोर्टात जा. तिसऱ्यांदा मी वाचून गेलो, म्हटलं पूर्वीचं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, ते लावा. तर टेबलामागचा हवालदार, खेड्यातलाच असणार, माझ्याकडं बघून म्हणाला, "ते लावतो की. पण सर, बियापासनं गुलाब करायला निघालता व्हय?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो असेन बहुतेक. चौथ्या खेपेला अर्जावर शिक्का मिळाला, गुन्हा नाही. ठाण्यात दाद लागत नसेल तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते, कायद्यात आहे तसं. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलीय, पोच आलीय, पुढे शांतता.

कृषी कार्यालय म्हणजे वेगळंच. बियाण्याची तक्रार म्हणून गेलो तर पाकिटावरचा लॉट नंबर मागितला. पाकिटावर फक्त गुलाबाचं चित्र. मग म्हणाले रोपांचा विषय दुसऱ्या टेबलाचा. दुसरं टेबल म्हणालं, "फळरोपवाटिका असती तर परवाना बघितला असता, फुलांचं आमच्याकडं नाही." म्हणजे मी आंब्यात फसलो असतो तर बरं झालं असतं! तिसऱ्यानं सल्ला दिला, "सर, चार काड्या नर्सरीतनंच घ्यायच्या की." घेतल्या असत्या, साहेब, तुम्ही आधी भेटला असतात तर.

ग्राहक आयोगात मात्र अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, अर्ज मीच लिहिला. तिथला एक जण म्हणत होता, विकायला घेतलं म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नव्हे. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर कायदा ग्राहक मानतो. त्या मुद्द्यावर लढायचं आहे. समोरच्याचा पत्ताच खोटा असेल तर नोटीस कुणाला बजावणार, हा प्रश्न मला विचारू नका, रात्री तीनला मीच मला विचारतो.

शेजारच्या काकूंच्या गावठी गुलाबाच्या दहा काड्या त्याच ट्रेमध्ये लावल्या सप्टेंबरात, चिडून. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर, तीन-चार डोळ्यांच्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, वर बाटली कापून झाकण. सावलीत ठेवल्या आणि पाच आठवडे उपटून बघायचा मोह आवरला. सात जगल्या. खर्च शून्य. डच गुलाबाच्या, म्हणजे बुकेतल्या लांब देठाच्या गुलाबाच्या, काड्या अशा सहज लागत नाहीत, त्यामुळे '95 टक्के जगतात' असं कुणी म्हणालं की तिथेच त्याला हात जोडा.

आतापर्यंत सांगली, मिरज आणि तासगावातले आम्ही सहा जण एकमेकांना सापडलोय, सगळे त्या हॉलमधले. एक बाई आहेत, त्यांनी गटाचे 61,000 भरलेत आणि घरी अजून सांगितलेलं नाही. एकेकट्याचा अर्ज फायलीत जातो, सहा जण एकत्र गेलो तर निदान बसायला खुर्ची देतात. तुम्ही त्या दिवशी तिथे पोहे खाल्ले असतील तर किटची पिशवी, पाकिटं, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, काही टाकून देऊ नका. मेलेल्या काड्यासुद्धा. माझ्या गच्चीवर बाराशे बांधून ठेवल्यात, हिनं दोनदा बंबात घालायला काढल्या होत्या.