फॉक्स-बॉडी मस्टँग: ३०२ च ठेवायचं की ३४७ करायचं?

१९८७ ते ९३ च्या फोर्ड मस्टँग ५.० चं (‘फॉक्स’ सांगाड्यावरची पाच लिटर इंजिनाची गाडी) इंजिन एकदा उघडलं की हा प्रश्न येतोच. ३०२ आणि ३४७ हे इंजिनाचे आकार, क्यूबिक इंचांत: ३०२ मूळचा, ३४७ त्याच ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात) वाढवलेला.

३०२ तसंच ठेवायचं तर बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० थाऊ, म्हणजे इंचाचे ३० हजारांश, वाढवा, नवे पिस्टन-रिंगा-बेअरिंग घाला, वर चांगले ॲल्युमिनियम हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यातून हवा आत-बाहेर होते) आणि कॅम (झडपा उघडणारा दांडा) चढवा. मूळ २२५ हॉर्सपॉवरच्या गाडीत एवढ्यानंच जीव येतो. खरी कोंडी हेडमध्येच होती.

३४७ मध्ये स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ३ इंचांवरून ३.४ होतो. कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क (ओढ) मस्तच! पण पिस्टनच्या रॉडचे बोल्ट अडू नयेत म्हणून सिलिंडरच्या तळाशी घासून जागा करावी लागते. ३४७ च्या काही जुन्या किटमध्ये (सुट्या भागांच्या संचांत) पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन थेट ऑइल रिंगच्या खाचेत शिरते, म्हणून किट निवडताना हे आधी विचारा. शिवाय मूळ ब्लॉक पाचशे हॉर्सपॉवरच्या आसपास मधोमध चिरतो, हा धोका दोन्हीकडे आहे. ३४७ तिथवर लवकर पोचतं इतकंच.

मागचा ८.८ इंची एक्सल दणकट. ३०२ ला ट्रॅक्शन-लॉकच्या (दोन्ही मागच्या चाकांना ताकद देणारा फोर्डचा डिफरन्शिअल) नव्या क्लच प्लेटा आणि ३.७३ चे गिअर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे) पुरतात. मात्र मूळ २.७३ असेल, तर हायवेवर त्याच वेगाला २००० आरपीएमचे सुमारे २७३० होतात. ३४७ ला स्लिक (नक्षी नसलेले) टायर लावून ड्रॅग रेसला नेणार असाल तर २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) एक्सल शाफ्ट काढून ३१ चे घालाच. मग गाडीचा मूळ टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स रडायला लागतो, तो खर्च वेगळा.

रस्त्यावर चालवायची असेल तर माझं मत ३०२ ला.