रीफ टँक म्हणून घेतला, निघाला औषध मारलेला टँक

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळं पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक. तो जुना घेताना काच तडकलीय का, पंप चालतोय का, दिवे लागतायत का, हे सगळेच बघतात. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तेवढं तो चकाचक करून ठेवतो. मला ज्याने गंडवलं, तो खोटं बोलला ते टँकच्या पूर्वायुष्याबद्दल. असा सौदा करायच्या बेतात कुणी असेल तर आधी हे वाचा.

जाहिरात होती, ‘चालू रीफ टँक, प्रवाळांसकट, छंद सोडतोय म्हणून विकणे’. बघायला गेलो तर टँक खरंच चालू होता. झोअँथिड, हॅमर कोरल अशी प्रवाळं, थोडी मऊ प्रवाळं, जांभळे दगड, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि त्यात गुरगुरणारा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). उजेड मात्र फक्त निळा. “पांढरा चॅनेल गेलाय सर, किरकोळ काम आहे, मी किमतीत धरलंय.” निळ्या उजेडात, म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटरच्या आसपास, प्रवाळांतली प्रथिनं चमकतात. अर्धमेलं प्रवाळही त्यात झगमगतं, आणि पांढरे पडलेले भाग, शेवाळ, काचेवरचे ओरखडे सगळे गायब होतात. घरी आणून दिवा उघडला तर बिघाड कसलाच नव्हता. पांढऱ्या चॅनेलची वायर कनेक्टरमधून नुसती उपसून ठेवली होती. खोचली, लागला.

‘साडेचारशे लिटर’ हीसुद्धा थापच. बाहेरून माप १२० × ५० × ६० सेंटिमीटर. गुणाकार करून हजाराने भागा, ३६० लिटर येतात, आणि त्यातूनही काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा वजा जाते. विचारल्यावर म्हणाला, सम्प धरून सांगितलं. बरं.

जुनी वाळू मी आणलीच नाही. खोल थर ढवळला की त्यात साचलेली घाण आणि अमोनिया पाण्यात उतरतो, कधी कधी कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइडही. दगड ओलेच ठेवून आणले, पाणी नवीन बनवलं. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ अंश, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आणि तरीही मरतूक सुरू झाली.

आधी गोगलगायी गेल्या. काचेवरून सुटून तळाशी उलट्या पडायच्या. मांसल पाय शंखाबाहेर लोंबतोय, चिमट्याने टोचलं तरी आत ओढून घेत नाही. मग कोळंबी. मग झोअँथिडांची तोंडं मिटली ती उघडलीच नाहीत, आणि हॅमरचं मांस सांगाड्यावरून चिंध्या होऊन सुटलं. मासे मात्र ठणठणीत, खाणं पडायचा अवकाश, वर धावायचे. इथेच खरी मेख आहे. अमोनियाने पाणी बिघडलं तर माशांनाही धाप लागते. मासे टुणटुणीत आणि बिनकण्याचे जीव पटापट मरतायत, असं दिसलं की पहिला संशय तांब्यावर घ्यायचा.

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीवर तांब्याचं औषध चालतं, आणि वेगळ्या टँकमध्ये दिलं तर त्यात गैर काही नाही. कॉपर सल्फेट प्रकारच्या औषधाची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम असते, चिलेटेड प्रकारात (तांबं दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं) ती त्याच्या कितीतरी पट ठेवतात. मासे ते सोसतात. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना ते विषच. दगड आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तांबं त्यात जाऊन बसतं आणि पुढे हळूहळू पाण्यात सुटत राहतं. पाणी नवीन भरलं तरी विष दगडाबरोबर घरी येतं ते असं.

सम्पमागे, कपाटाच्या कोपऱ्यात, औषध मोजायचं एक टोपण सापडलं. तळाला निळसर कडं वाळून बसलेलं. मग तांब्याचं किट आणलं, त्यात रंग आला पण फिकट. ही किटं मुळात औषधाची मात्रा मोजायला बनवलेली असतात, थोड्या तांब्याला नीट दाद देत नाहीत. म्हणून सम्पमध्ये पॉली-फिल्टरचा पांढरा पॅड टाकला. साध्या घाणीने तो तपकिरी होतो, तांबं शोषलं की निळा. पॅड कडेकडेने निळा पडत गेला आणि शंकेला जागाच उरली नाही.

मग त्याच्याकडे प्रवाळं जगत कशी होती? जगत नव्हतीच, सौद्यापुरती आणून मांडली होती. प्रवाळ ज्या सिरॅमिकच्या प्लगवर चिकटवतात, तो महिनोन्‌महिने पाण्यात राहिला की त्यावर जांभळी कोरलाइन (कवचासारखं चढणारं शेवाळ), साधं शेवाळ, नळीत राहणारे बारीक किडे असं काहीबाही बसतं. माझ्याकडचे प्लग पांढरेशुभ्र होते, आणि वरचा गोंद ट्यूबमधून आत्ताच काढावा इतका ताजा. दगडांचा जांभळा रंगही नखाने खरवडल्यावर पापुद्र्यासारखा निघाला. खरी कोरलाइन चुन्याची असते, खरवडलेला तुकडा बशीत घेऊन व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसते. हा पापुद्रा ढिम्म. रंग होता. एवढी मेहनत या माणसाने टँक सांभाळण्यात घेतली असती तर विकायची वेळ आली नसती.

टँक रिकामा केल्यावर सांध्यांचंही बिंग फुटलं. आतून काळंभोर, गुळगुळीत सिलिकॉन, पण टोकाला नख घातलं तर पट्टीच्या पट्टी सोलून हातात आली. खाली जुनं, पिवळं पडलेलं, कडेने सुटलेलं सिलिकॉन तसंच. सुकलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे वरून मारलेला हात निव्वळ दिखाव्याचा. आत तीनशे किलोंहून जास्त पाणी असतं, हे लक्षात घ्या.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, “नवीन सेटअपमध्ये होतं सर, सायकल बसायला वेळ लागतो.” सायकल बसणं म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढणं. हे उत्तर कुणालाही पटेल असं आहे, कारण एरवी ते खरंही असतं. निळ्या पॅडचा फोटो पाठवल्यावर म्हणाला, “तुमच्या पाण्यातलं असेल.” माझ्या मिठाच्या ताज्या पाण्यात वेगळा पॅड टाकून बघितला होता, तो पांढराच राहिला. तो फोटोही पाठवला. त्यानंतर नंबर ब्लॉक.

जुना रीफ टँक बघायला जाल तेव्हा दिवा पांढऱ्यावर करायला सांगा. होत नसेल तर खिशातली टॉर्च मारा. जमलं तर अंधार पडल्यावर जा, दिवे बंद करायला लावा आणि काच न्याहाळा. खऱ्या रीफ टँकच्या काचेवर रात्री पांढऱ्या ठिपक्यांएवढे कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) तुरुतुरु पळताना दिसतात, दगडाच्या फटींतून ब्रिसल वर्म (केसाळ किडे) डोकावतात. तांबं मारलेल्या टँकमध्ये यातलं काही दिसत नाही, आणि ही वर्दळ प्रवाळांसारखी सौद्यापुरती मांडताही येत नाही. एखादा प्लग बाहेर काढून खालून बघा. ‘या टँकमध्ये किंवा या दगडांवर तांब्याचं औषध कधी वापरलं का’ हे मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. किट नेणार असाल तर चिलेटेड तांबंही मोजणारं न्या. सौदा मोठा असेल तर सम्पमधलं पाणी प्रयोगशाळेत आयसीपी चाचणीला पाठवा, त्यात लिटरमागे मायक्रोग्रॅममधलं तांबंही कळतं. नमुना द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे थांबू नका.

माझ्या टँकचं म्हणाल तर दगड टाकून दिले. काचेत तांबं मुरत नाही, ती सौम्य आम्लाने धुतली. दोन काचांमधले मूळ सांधे शाबूत होते म्हणून फक्त आतल्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन पात्याने पार खरवडलं, काच अल्कोहोलने पुसली आणि बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन भरून पुरतं सुकू दिलं. मग साधं पाणी भरून गळती तपासली. आता नवा कोरडा दगड आहे, आणि गोगलगायी चांगल्या रुळल्याशिवाय प्रवाळ आणायचं नाही असं ठरवलंय.

एक मात्र सांगून ठेवतो. असे दगड ‘शुद्ध’ करायला उकळू नका. तांबं उकळून जात नाही. शिवाय दगडावर झोअँथिड असतील तर त्यांच्यापैकी काहींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि दगड उकळताना किंवा घासताना ते हवेतून श्वासात गेल्यामुळे घरातली माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. घासायचेच असतील तर पाण्याखाली धरून, हातमोजे आणि चष्मा घालून घासा.