बिडाचं आप्पेपात्र घेतलं, रिव्ह्यू मात्र नॉनस्टिकचे वाचले

आधीच सांगते, हे आप्पेपात्र वाईट नाहीये. ओतीव काम चांगलंय, कडा कुठे टोचत नाहीत, बीड जाड आहे. तरी मी त्याला पाचपैकी दोनच स्टार दिलेत आणि ते का, हे नीट लिहायचंय, कारण ऑनलाइन भांडी घेणारे सगळेच यात कधीतरी फसतात.

मला घरी आईकडे होतं तसं बिडाचं आप्पेपात्र हवं होतं. एका मोठ्या शॉपिंग अॅपवर बघितलं तर ४.३ रेटिंग, खाली भरपूर रिव्ह्यू. त्याच पानावर वरती चौकोनी बटणं, नॉनस्टिक ७ कॅव्हिटी, नॉनस्टिक १२ कॅव्हिटी, कास्ट आयर्न ७, कास्ट आयर्न १२. आमच्याकडे माणसं सहा, म्हणून मी बिडाचं बारावालं बटण दाबलं, दाबल्यावर फोटो बदलला, किंमत बदलली, पण ४.३ तसंच राहिलं आणि खालचे रिव्ह्यूही तेच राहिले. माझ्या लक्षातच आलं नाही! आता आठवतं की एका बाईंनी लिहिलं होतं "खूप हलकं आहे, एका हाताने उचलता येतं". बिडाचं बारा खळग्यांचं पात्र एका हाताने कोण उचलणार, अडीच किलोच्या वर भरलं ते माझ्या वजनकाट्यावर. तिथेच मला कळायला हवं होतं.

पात्र आलं. मी रीतसर सगळं केलं, धुऊन कोरडं केलं, तेल लावून मंद गॅसवर तापवलं, कांदा परतून टाकला, असं तीन दिवस. चौथ्या दिवशी पीठ घातलं. बारा खळग्यांच्या पात्रात मध्ये तीन आणि बाहेर गोल नऊ असे खळगे असतात, आणि आमच्या गॅसच्या मोठ्या बर्नरची ज्योतसुद्धा मधल्या तिघांपर्यंत आणि त्यांच्या थोडी बाहेर, एवढीच पोचते. मधले तीन आप्पे खालून काळे झाले तरी कडेचे नऊ वरून ओलेच, चमच्याच्या दांड्याने उलटायला गेले तर पीठ निम्मं खळग्यात चिकटून राहिलं. झाकण ठेवून बघितलं, गॅस बारीक करून बघितला, पात्र दर दोन मिनिटांनी सरकवून बघितलं, त्याने बरं होतं पण सकाळी डब्याच्या वेळी कोण एवढं करणार. शेजारच्या ताईंच्या इंडक्शनवर ठेवून पाहिलं, तिथे तर चालूच होईना कारण खालून सपाट नाहीये, खळग्यांचे फुगवटे आहेत.

मग मी रात्री बसून शेवटचे साठ रिव्ह्यू एकेक वाचले. प्रत्येकाच्या नावाखाली बारीक करड्या अक्षरात लिहिलेलं असतं की या माणसाने कोणतं व्हेरिएशन घेतलंय. साठपैकी त्रेचाळीस नॉनस्टिकचे, तेरा बिडाच्या सातवाल्याचे आणि माझ्या बारावाल्याचे फक्त चार. त्या चारांपैकी तिघांनी तेच लिहिलंय जे मी वर लिहिलं, "बाहेरचे कच्चे राहतात". म्हणजे मला पाहिजे ती माहिती तिथे होती, पण नॉनस्टिकच्या कौतुकाखाली पुरलेली होती.

दुकानदार असं का करतात तेही कळतं मला. नवीन साइज टाकली की तिला शून्य रिव्ह्यू असतात आणि शून्य रिव्ह्यूचं भांडं कोणी घेत नाही, म्हणून जुन्या खपणाऱ्या भांड्याच्या पानाला ती जोडायची. कुर्त्याच्या रंगाला हे चालतं, निळ्याची शिलाई आणि हिरव्याची शिलाई एकच असते. पण धातू बदलला, माप बदललं की वस्तूच वेगळी झाली ना, तिचे स्टार दुसरीला कसे लागू होतील? अमेरिकेत यावरूनच कारवाई झालीये, २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने बाउंटिफुल नावाच्या व्हिटॅमिनच्या कंपनीला ६ लाख डॉलर भरायला लावले, कारण तिने वेगवेगळ्या गोळ्या अॅमेझॉनवर एकाच वस्तूची व्हेरिएशन्स म्हणून जोडल्या होत्या आणि नव्या गोळ्यांना जुन्यांचे रिव्ह्यू न् स्टार मिळत होते. आपल्याकडे ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सचं आयएस १९०००:२०२२ हे रिव्ह्यूंसाठीचं मानक आलंय, रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे, छापायचे यावर आहे, पण आणलं तेव्हा ते ऐच्छिक ठेवलं होतं. मला वाटतं ते ऐच्छिक ठेवायला नको होतं.

आणि रिव्ह्यू गोळा करण्याची पद्धतच बघा. पार्सल मिळालं त्याच संध्याकाळी मला मेसेज, "तुमचा अनुभव कसा होता?" अहो, बिडाचं भांडं अजून मुरलंसुद्धा नाही! डब्यात एक कार्डही होतं, पाच स्टार देऊन स्क्रीनशॉट पाठवा, ५० रुपये कॅशबॅक. फॉर्मवर एकच प्रश्न, स्टार किती. गॅस की इंडक्शन, किती दिवस वापरलं, कोणती साइज कशी वाटली, काही नाही. महिन्याभराने विचारलं असतं आणि हे तीन प्रश्न विचारले असते तर पुढच्या माणसाचे पैसे वाचले असते. फोटोवाल्या रिव्ह्यूंचा मात्र खरंच उपयोग होतो, फोटोत कोणतं पात्र आहे ते दिसतं तरी.

परत करताना फार त्रास झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. कारण विचारलं, मी फोटो टाकले, तिसऱ्या दिवशी माणूस घेऊन गेला. त्यांच्याचकडून बिडाचंच सात खळग्यांचं मागवलं आणि ते मात्र मस्त निघालंय, त्याला माझे चार स्टार. सगळे सात सारखे भाजतात, तिसऱ्या आठवड्यापासून तेलाचा एक थेंब पुरतो, खालची बाजू कुरकुरीत आणि आतून जाळीदार. गुळाचे आप्पे अजून थोडे चिकटतात. धुतल्यावर लगेच पुसून गॅसवर कोरडं नाही केलं तर लालसर गंज येतो, मला एकदा आला. सहा माणसांना चार घाणे काढावे लागतात, पण काढते.

दोन्हींचे रिव्ह्यू मी वेगवेगळे टाकलेत आणि पहिल्याच ओळीत साइज, धातू आणि गॅस लिहिलाय, कारण ती करडी अक्षरं कोणी वाचत नाही. परवा प्रश्नांच्या जागी एकीने विचारलं होतं, "बारावालं घरच्या शेगडीवर चालेल का?" खाली कोणीतरी उत्तर दिलेलं, "हो, छान चालतं", त्याच्याकडे नॉनस्टिक होतं. मी लगेच लिहिलं, ताई, बिडाचं घेणार असाल तर आधी तुमच्या मोठ्या बर्नरची ज्योत कुठपर्यंत पसरते ते पट्टीने मोजा आणि पात्राचा व्यास बघा, माझ्याकडे ज्योत १२ सेंटीमीटर होती आणि पात्र २३.